ट्राफिक कार्डाच्या प्रतीक्षेतील संगणक

मित्रांनो, माझ्या वाढदिवसाची तारीख कोणी विचारली तर मी निरुत्तर होतो. कारखान्यातून तयार अंगाने, खोक्यात बंद होऊन बाहेर पडणारे संगणक वेगळे. मी एक जोडून घेतलेला, आता जुना झालेला संगणक आहे. माझा मेंदू एका देशातून आला, स्मृती दुसऱ्या देशातून आली, आणि मला वीज पाजणारा डबा तर कोठून आला हे त्या डब्यालाही ठाऊक नाही. शहापूरच्या एसटी स्थानकाजवळील एका लहानशा दुकानात हे सारे अवयव निरनिराळ्या फळ्यांवर, एकमेकांस अनोळखी असे बसून होते. कोणीतरी यावे, आम्हांस पारखावे आणि आमच्यातून 'मी' घडवावा, एवढीच आमची आशा होती.

त्या दुकानाचे मालक भावेश हे तिशीतले, बोलके आणि हाताने चपळ असे गृहस्थ होते. मी त्या वेळी केवळ एक रिकामे, काळ्या रंगाचे कॅबिनेट होऊन वरच्या फळीवर बसलो होतो. तेथून मला दुकानाची पायरी, गल्ला आणि गिऱ्हाइकांचे चेहरे स्पष्ट दिसत असत.

साधारण पाच वर्षांपूर्वी, दिवाळी उलटून गेल्यावर एका दुपारी दोन माणसे ती पायरी चढली. पुढे मनाली नावाची तेवीस वर्षांची मुलगी आणि मागे तिचे वडील राघो. पायरी एकच होती, परंतु ती चढण्यास राघोंना काठी, दाराची चौकट आणि मुलीचा खांदा अशा तिघांचे साहाय्य घ्यावे लागले.

पुढे मी त्यांच्याच घरी राहावयास गेलो, म्हणून त्यांची हकीगत मला कळली. ती येथेच सांगून टाकतो. राघो हे वैशाखऱ्याचे राहणारे. माळशेज घाटाच्या वरच्या गावांतील भाजी आपल्या टेम्पोत भरून कल्याणच्या बाजारात उतरवायची, हे काम त्यांनी बावीस वर्षे केले. त्या वर्षीच्या आषाढात घाटात दरड कोसळली. एक धोंडा टेम्पोच्या डाव्या दारावर आला. जीव वाचला, परंतु डावा पाय कमरेपासून निकामी झाला. डॉक्टर त्यास डावा पाय म्हणत. राघो मात्र "माझा क्लचचा पाय गेला" असे म्हणत. उजव्या पायाचे त्यांच्या लेखी नाव ब्रेकचा पाय असे होते. एवढे एक वाक्य सोडले तर ते फारसे बोलत नसत. घर हमरस्त्याला लागून होते. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या दिसू नयेत म्हणून ते ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसत. ज्या माणसाने बावीस वर्षे काचेतून रस्ता पाहिला, तो आता शेणाने सारवलेली भिंत पाहत होता. मनालीची आई ती लहान असतानाच वारली होती. घरात मुलगी, तिची आजी भागीरथी आणि हे मुके झालेले वडील, असे तिघेच.

मनालीने मुरबाडला शिक्षण घेतले होते. लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणे, दाखले, निकाल, लग्नपत्रिका अशी कामे घरीच करावीत, म्हणून तिला संगणक हवा होता. "दुकानदार एकट्या पोरीला बनवतात, बरोबर बाप पाहिजे," असे सांगून तिने वडिलांना घराबाहेर काढले होते. खरे कारण निराळे होते. दवाखान्यातून घरी आल्यापासून ते अंगणाच्या पलीकडे गेले नव्हते.

"ताई, मशीनवर काम काय करणार?" भावेशनी विचारले.

"फॉर्म, टायपिंग आणि पत्रिका."

"मग साधं पुरे. ग्राफिक कार्ड नको. गेम खेळणार असाल तरच त्याचा उपयोग."

"गेम कोण खेळतंय आमच्याकडे!" मनाली हसून म्हणाली आणि कागदावर सामानाची यादी उतरवू लागली.

मित्रांनो, आता मी जे सांगतो ते फळीवरून मीच पाहिले. दुकानात गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी एक संगणक मांडलेला असे. त्यावर त्या वेळी ट्रक चालवण्याचा खेळ आपोआप चालू होता. डोंगरातील रस्ता, काचेवर पाऊस, आणि तो पुसणारे वायपर. राघोंना नेमके त्याच्याच समोरच्या स्टुलावर बसवले होते. प्रथम त्यांनी मान फिरवली. पण तेथे भिंत नव्हती, रस्त्यावरची रहदारी होती. मग नाइलाजाने त्यांची दृष्टी पडद्यावर आली. एक वळण आले, आणि त्यांचा उजवा पाय फरशीवर हळूच दाबला गेला. पुढचे वळण आले, पाय पुन्हा दाबला गेला.

"हॉर्न दे, हॉर्न!" ते एकाएकी पुटपुटले. "घाटात वळणाला हॉर्न देत नाय, कसला डायवर रे ह्यो?"

मनालीचे पेन थांबले. तिने वडिलांच्या त्या पायाकडे पाहिले. मग काही झालेच नाही अशा आवाजात ती म्हणाली, "भावेशदादा, त्यात ग्राफिक कार्डपण लिहा."

"अहो, आत्ताच तर नको म्हणालात."

"पत्रिकेचं डिझाइन जड असतं ना."

"जड?" राघो वळून म्हणाले. "पत्रिका काय दगडावर छापणार हायस?"

भावेश हसले. मनालीही हसली, परंतु तिचे डोळे भरून आले होते. चार महिन्यांत बापाने केलेली ती पहिली थट्टा होती.

त्यानंतर माझी निवड सुरू झाली. भावेशनी एक प्रोसेसर आणि एक कार्ड सुचवले. कार्ड भारी होते, प्रोसेसर साधा होता. राघोंना या दोन्ही वस्तूंतले काहीही कळत नव्हते. परंतु लहानपणी ते दर पौषात आपल्या वडिलांबरोबर मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत बैल पाहावयास जात, आणि बैलांतले त्यांना सर्व कळत होते.

"हे दोघं बरोबर काम करणार?" त्यांनी विचारले.

"हो काका. एक हिशोब करणार, दुसरा चित्र काढणार."

"आणि एक नेटाचा, एक मवाळ?"

"तसंच म्हणा."

"मग जू वाकडं जाईल. नेटाचा पुढं ओढणार, मवाळ मागं राहणार. दोन्ही वाया. मला जोडी दाखव. दोघं मध्यम असले तरी चालतील, पण एका उंचीचे दे."

भावेशनी पेन उचलले. "काका, हे गिऱ्हाइकांना समजवता समजवता माझा घसा बसतो," असे म्हणून त्यांनी यादीतील दोन्ही नावे खोडून नवी जोडी लिहिली.

पुढे रंगीत दिव्यांचे, काचेच्या बाजूचे कॅबिनेट आले. "हे सध्या फार चालतं," भावेश म्हणाले.

"दिव्यांनी काय होतं?"

"होत काय नाय. शोभा."

"मग दिवे राहू दे. ह्याचं डिझेल कुठून जातं ते सांग."

भावेशनी वीजपुरवठ्याचा डबा पुढे केला. राघोंनी दोन डबे दोन तळहातांवर घेऊन तोलले. हलका परत दिला, जड ठेवून घेतला. "आमच्याकडे लाइट कवा चढते, कवा पडते. टाकी चांगली पायजे." मग त्यांनी मान वर करून फळीवरच्या मला पाहिले. "तो काळा खोका बघू. त्याला भोकं बरी हायत, वारा लागेल."

अशा रीतीने शोभेचे सारे नाकारून माझी निवड झाली. मला आजही त्याचा अभिमान वाटतो.

पण एक उणीव राहिली. त्या काळी ग्राफिक कार्डांची मोठी टंचाई होती. भावेशनी तीन ठिकाणी फोन केले. शेवटी म्हणाले, "ताई, बाकी मशीन घेऊन जा. तुमची सगळी कामं होतील. फक्त गेम नाय चालणार. कार्ड आलं की कळवतो."

जीपमधून किन्हवली, सरळगाव, टोकावडे असा आमचा प्रवास झाला. राघोंनी मला मांडीवर घेतले होते. प्रत्येक गचक्याला त्यांचे दोन्ही हात मला घट्ट धरत. अपघातानंतर त्यांच्या ताब्यात दिलेला तो पहिलाच माल होता.

घरी भागीरथी आजी ताम्हण घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी मला हळद-कुंकू लावले. त्यातील चिमूटभर माझ्या पुढच्या पंख्यात गेले. नारळ फोडून त्या त्याचे पाणी माझ्यावर शिंपडणार, इतक्यात मनालीने त्यांचा हात धरला.

"आजी, नको! शॉट लागेल!"

"बरं, बरं. देव नाय तर नाय, पाव्हणा तरी म्हणू." आजींनी मला न्याहाळले. मनालीने दुकानातूनच त्यांना फोनवर ट्रकच्या खेळाचे गुपित सांगितले होते. "ह्याच्यावर माझा राघो गाडी चालवणार ना गो?"

"चालवतील. फक्त ग्राफिक कार्ड यायचंय. ते आल्याबिगर नाय चालवता येत," मनाली कानाशी येऊन हळूच म्हणाली, वडिलांना ऐकू जाऊ नये म्हणून.

येथेच घोटाळा झाला. आजींना एका कानाने कमी ऐकू येत असे, आणि 'ग्राफिक' हा शब्द त्यांच्या आयुष्यात कधी आला नव्हता. 'ट्राफिक' मात्र आला होता. मुलाचा टेम्पो कधी कल्याणच्या नाक्यावर अडकला तर घरी येऊन तो तेच नाव घेत असे. म्हणून आजींनी ऐकले ते असे, की ट्राफिक कार्ड आल्याबिगर राघोला गाडी चालवता येणार नाही. आणि हे त्यांना सर्वस्वी पटले. रेशनला कार्ड लागते, दवाखान्याला कार्ड लागते, मग गाडीला का लागू नये?

दिवसामागून दिवस गेले. मी कामास लागलो. गावातील लोक येत, मनाली त्यांचे अर्ज भरून देई, पत्रिका जुळवी. माझी कीर्ती टोकावड्यापर्यंत गेली. परंतु दर सोमवारी मनाली भावेशना फोन करून विचारी, "कार्ड आलं का?" आणि दर सोमवारी "नाय अजून" असे उत्तर येई. ते ऐकून आजी मनाशी म्हणत, की ही पोर शिकली, पण हिला एवढे कळत नाही. कार्ड कधी फोनवर येते का? कार्डासाठी स्वतः जाऊन रांगेत उभे राहावे लागते.

एके सकाळी कोणासही न सांगता आजींनी पिशवीत राघोंचे दोन फोटो, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि भाकरी घेतली, आणि एसटीने त्या मुरबाडला गेल्या. पुढील प्रसंग त्यांनी स्वतः येऊन, माझ्यासमोर बसून मनालीस सांगितला, तो असा. तहसील कचेरीत त्या दोन तास रांगेत उभ्या होत्या. खिडकीशी पोहोचल्यावर त्यांनी फोटो पुढे सरकवून "ट्राफिक कार्ड द्या" असे म्हटले. मागील माणसे हसू लागली. एक जण म्हणाला, "आजी, सिग्नल तोडलात का?"

खिडकीतील कारकून मात्र हसला नाही. "कोणाला पाहिजे, आजी?" त्याने विचारले.

"माझ्या पोराला. गाडी चालवायचीय त्याला. एक पाय कामातून गेलाय."

कारकून उठून आतल्या कपाटाशी गेला. मग त्याने एक छापील कागद आणून दिला. "तुम्ही म्हणता ते बहुतेक हेच. ह्याचा अर्ज आता ऑनलाइन भरतात. गावात कोणी भरून देतं का?"

"देतं म्हणजे? माझी नातच भरते!" आजी अभिमानाने म्हणाल्या, आणि हसणाऱ्या माणसांकडे न पाहता कचेरीतून बाहेर पडल्या.

तो कागद हातात येताच मनालीचा चेहरा उतरला. तिने तो लपवण्यापूर्वीच काठीचा आवाज झाला. राघो दारात उभे होते. त्यांनी कागद घेतला आणि वाचला. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची ती यादी होती.

मित्रांनो, मनालीने त्या महिन्यात गावातील तीन माणसांचे हेच अर्ज माझ्यावर भरून दिले होते. परंतु स्वतःच्या वडिलांपुढे ती तो विषय कधीही काढू शकली नव्हती. एकदा डॉक्टरांनी काढला असता, राघो दवाखान्यातून उठून चालू लागले होते.

"कोणी सांगितलं तुला हे आणायला?" राघोंनी आईस विचारले.

"मी तर गाडीचं कार्ड आणायला गेले रे."

"गाडीचं! सगळ्या मुरबाडात सांगून आलीस, माझा पोर पांगळा हाय म्हणून!"

"तसं नाय रे राघो…"

"माझ्या कपाळावरच लिही ना मग! कागद कशाला पायजे?"

त्यांनी कागदाचा बोळा करून भिरकावला आणि ते ओटीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. आजींनी बोळा उचलला. मांडीवर ठेवून तो तळहाताने सरळ केला, चारचारदा केला, आणि माझ्या कीबोर्डाखाली सरकवून ठेवला. त्यांना वाचता येत नव्हते. आपले काय चुकले, हे त्यांना कळले नव्हते. सरकारी कागद फेकायचा नसतो, इतकेच त्यांना ठाऊक होते.

त्या दिवसापासून माय-लेकांचे बोलणे बंद झाले. मनाली समजावयास गेली, की राघो तोंड फिरवून घेत. आजी ताट वाढून ठेवत, राघो अर्धे ताट तसेच ठेवत. दुकानात उमललेला तो माणूस पुन्हा मिटला. मी विचार करीत असे, की माझ्याच अपुरेपणाने हे सारे घडवले. मला कार्ड असते तर हा दिवस आला नसता. यंत्रास लाज वाटते किंवा नाही, हे मला सांगता येत नाही. परंतु माझा पंखा त्या दिवसांत उगाचच जोरात फिरत असे.

अखेर म्हशाची जत्रा चालू असताना भावेशचा फोन आला. मनाली शहापूरला जाऊन कार्ड घेऊन आली. त्याबरोबर भावेशनी दुकानातील जुने स्टेअरिंग आणि त्याचे तीन पेडल वापरण्यास दिले होते. "काकांना द्या. पत्रिका जड असतात ना," असा निरोपही होता. म्हणजे त्यांना सर्व समजले होते.

कार्ड कसे बसवायचे ते मनाली भावेशकडून ऐकून आली होती. परंतु माझी बाजू उघडल्यावर ते सारे कामी येईना. कार्ड खाचेत जाईना. तिने ते तिरपे धरून दाबले, तेव्हा माझ्या अंगात करकर असा आवाज झाला.

"थांब! मोडशील!"

राघो केव्हा येऊन मागे उभे राहिले होते, ते आम्हां दोघांनाही कळले नाही. काठी भिंतीस टेकवून ते जमिनीवर बसले, आणि पेचकस त्यांनी मुलीच्या हातातून काढून घेतला. टेम्पोचे अर्धे इंजिन रस्त्याच्या कडेला उघडून पुन्हा जोडणारे ते हात होते. त्यांनी माझ्या खाचेवरून बोट फिरवले, धूळ फुंकली, कार्ड सरळ धरले आणि दोन्ही अंगठ्यांनी एकसारखे दाबले. 'टक' असा आवाज झाला. त्या क्षणी मी पूर्ण झालो.

परंतु मला चालू केले तर पडदा काळाच राहिला.

"गेलं, बाबा. बिघडलं," मनाली रडवेली होऊन म्हणाली.

"इंजिन फिरतंय ना? मग बिघडलं नाय. ह्याला डिझेल पोचलं नसेल." त्यांनी पुन्हा वाकून पाहिले. "ही बघ. नळी मोकळीच लोंबतीय." वीजपुरवठ्याची एक वायर कार्डास जोडायची राहून गेली होती. ती जोडताच पडदा उजळला. दाराआड उभ्या असलेल्या आजींच्या तोंडून "आलं ट्राफिक कार्ड!" असे शब्द बाहेर पडले.

राघोंनी मागे वळून पाहिले. "काय म्हणालीस?"

तेव्हा मनालीने सर्व उलगडून सांगितले. ग्राफिक काय, ट्राफिक काय, आजी मुरबाडला का गेल्या, रांगेत लोक का हसले. राघो ऐकत राहिले. हसू आणि रडू यांच्यामध्ये त्यांचा चेहरा बराच वेळ घुटमळला.

"म्हणजे तू ह्याच्यासाठी रांगेत उभी राहिलीस?" त्यांनी माझ्यावर हात ठेवून आईला विचारले.

"दोन तास," आजी म्हणाल्या. "पण द्यायला तयारच नाय रे कोणी."

मग ते खुर्चीवर बसले. स्टेअरिंग मेजास आवळले, पेडल खाली ठेवले. डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक, उजवीकडे ॲक्सिलरेटर. खेळ सुरू झाला. ट्रक उभा होता. त्यांनी डाव्या पायाकडे पाहिले. दोन्ही हातांनी तो पाय उचलून क्लचवर ठेवला. पाय तेथे ठेवल्या जागी पडून राहिला. त्यांनी हाताने गुडघा दाबून पाहिला. ट्रक एक धक्का खाऊन बंद पडला. पुन्हा केले, पुन्हा बंद पडला. तिसऱ्या वेळी त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

मनाली फार हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ह्याच्यात क्लच बंद करता येतो. मग दोनच पेडलवर चालते."

 बाहेर हमरस्त्यावरून एक ट्रक गिअर बदलत घाटाकडे गेला. राघोंनी तो आवाज संपेपर्यंत ऐकला.

"कर बंद," ते म्हणाले.

मित्रांनो, माझ्यासाठी ते एका चौकोनातील बरोबरची खूण काढणे एवढेच काम होते. परंतु एवढे जड काम मी त्यापूर्वी केले नव्हते आणि त्यानंतरही केले नाही. ट्रक हलला. पहिल्या वळणाला राघोंनी हॉर्न दिला. आजी दचकल्या आणि म्हणाल्या, "हळू घे रे!" राघो म्हणाले, "आये, चढावर हळू घेतली तर मागं येते." महिन्याभराने आईस उद्देशून उच्चारलेले त्यांचे ते पहिले नीट वाक्य होते.

घाट उतरल्यावर त्यांनी ट्रक कडेस उभा केला. मग माझा कीबोर्ड उचलून त्याखालचा चुरगळलेला कागद काढला.

"मने, हा फॉर्म भर माझा."

"कनचा, बाबा?"

"आयेनं आणलेला. क्लच नाय तर नाय. आहे ते लिही." आणि कागद तिच्या हातात देत म्हणाले, "फोटो तेवढा बरा लाव. आयेनं नेलेल्यात मी चोर दिसतो."

त्यांचा अर्ज माझ्यावरच भरला गेला. नाव, गाव, वय, आणि मग तो रकाना, ज्यात मनालीची बोटे अडखळली. राघोंनी स्वतः सांगितले, "डावा पाय. लिही." त्या दिवशी त्यांनी त्यास प्रथमच डावा पाय म्हटले.

पुढील वर्षभर ते दररोज दुपारी माझ्यासमोर बसत. सकाळी मनालीचे अर्ज, दुपारी राघोंचा ट्रक, असा माझा दिनक्रम होता. ओटीवरची भिंतीकडची जागा रिकामी पडली, तेथे आजी तांदूळ निवडत बसू लागल्या. प्रमाणपत्र मिळाले. पुढे मनालीनेच शोधून काढले, की विजेवर चालणाऱ्या तीनचाकी मालगाडीला मुळात क्लच नसतो. त्यासाठी लागणारे अर्जही मीच भरले. परवान्यासाठी चाचणी देण्यास जाताना राघो माझ्या खोलीत आले आणि कोणी पाहत नाही असे पाहून माझ्या पाठीवर थाप मारून गेले. बैलांच्या पाठीवर मारतात, तशी.

आता त्या गाडीतून ते टोकावडे ते वैशाखरे दूध, भाजी आणि शाळेच्या आहाराचे सामान पोहोचवतात. सायंकाळी परततात, जेवतात आणि दिवसभराच्या रस्त्याविषयी इतके बोलतात, की आजींना आपला बरा कान फिरवून घ्यावा लागतो.

माझ्याकडे मात्र त्यांनी तेव्हापासून ट्रक चालवण्यासाठी पाहिलेले नाही. स्टेअरिंग भावेशना परत गेले. मनाली माझ्यावर काम करते, परंतु तिच्या कामास त्या कार्डाची गरज नाही. ज्याच्यासाठी एका म्हातारीने दोन तास रांग धरली, ते कार्ड माझ्या पोटात स्वस्थ बसून असते. त्याच्या पंख्यांवर धूळ साचली आहे. मला आता चालू होण्यास वेळ लागतो, आणि उन्हाळ्यात माझे अंग तापते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल तर त्याची बाजू वर्षातून दोनदा उघडून मऊ ब्रशने धूळ काढा. त्याला भिंतीशी दडपू नका, वारा लागू द्या. आणि नवे यंत्र निवडावयास जाल तेव्हा त्याचे दिवे पाहण्याआधी त्याच्यासमोर बसणाऱ्या माणसाचे पाय पाहा. मनालीने पाहिले होते. म्हणून मी या घरात आहे.

माझी तक्रार नाही. एक गोष्ट मात्र मी कोणासही सांगितली नव्हती, ती आज सांगतो. ज्या दुपारी राघोंची नवी गाडी दारात आली, त्या दुपारी ते माझ्यावर ट्रक चालवीत होते. आजींनी बाहेरून "राघो, आली रे गाडी!" अशी हाक मारली, आणि ते तसेच उठून काठी घेऊन बाहेर गेले. खेळ बंद करण्याचेही त्यांना भान राहिले नाही. तो ट्रक घाटाच्या अर्ध्या चढावर, कडेला उभा आहे. त्यात सफरचंदे भरली आहेत, आणि ती पोहोचवण्याची मुदत केव्हाच टळून गेली आहे. मी ती जागा इमानाने स्मृतीत जपून ठेवली आहे. रोज सकाळी मला चालू केले, की प्रथम मी तो ट्रक जागेवर आहे ना, हे पाहतो. असतो. त्याला न्यायला कोणी आलेले नसते, कारण त्याचा डायवर आता खऱ्या रस्त्यावर असतो.

तो तेथेच उभा राहो, एवढीच माझी प्रार्थना आहे.